खुर्चीच्या जागी मी

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. ती मला न विचारता माझं भलं करते.

विचारून भलं करणारी माणसं परवडतात, त्यांना नाही म्हणता येतं. तेजश्रीच्या बाबतीत तशी सोयच नाही. एके सकाळी उठून बघते तर न्हाणीघराच्या भिंतीला लोखंडी दांडा ठोकलेला. "आई, धरायला." धरायला? मी काय एसटीत उभी आहे? मग आमटीतलं मीठ गेलं. "नो वरीज आई, सवय होईल." नारायण पेठेत मी उभी हयात खानावळ चालवली. माझ्या चुलीपाशी येऊन मिठाच्या बरणीला हात लावायची मुख्य आचाऱ्याची टाप नव्हती. आणि इथे परदेशात, माझ्याच मुलाच्या घरात, माझ्या आमटीला पथ्य.

बरं, भांडावं तर तेही नाही. मी चार शब्द सुनावले की ती "हो आई" म्हणते आणि ड्युटीवर निघून जाते. हॉस्पिटलात नर्स आहे, तीही वरच्या हुद्द्याची; दिवसभर लोकांचे ओरडे ऐकून तिचे कान मेलेत. भांडायला दोन बायका लागतात. आमच्या घरात एकच आहे.

तर आता त्या कचऱ्याच्या बिनचं ऐका. आम्ही राहतो वॉलॉंगॉंगात, उताराच्या गल्लीत. वर डोंगर, खाली समुद्र, आणि मध्ये दर आठवड्याला कचऱ्याचे चाकवाले डबे रस्त्यावर ठेवायची पाळी. त्या दिवशी पिवळ्या झाकणाचा डबा माझ्या हातून सुटला आणि समुद्राकडे निघाला. मी त्याच्या मागे. डबा शेजारच्या व्हेराताईंच्या लेटरबॉक्सला धडकून थांबला आणि मी त्यांच्या हिरवळीवर बसले. पडले नाही. बसले. यात फरक आहे, पण तो डॉक्टरला समजावून सांगेपर्यंत तेजश्रीने त्याच्याकडून "बॅलन्स वीक आहे" असं वदवून घेतलं होतं.

आठवड्याभरात, एका मंगळवारी, तिने मला गाडीत घातलं. "आई, एक छान क्लास आहे. चालायचा. म्युझिकवर."

मला वाटलं, म्हाताऱ्यांना मैदानात गोल फिरवतात तसलं काही असेल. चर्चच्या मागे एक जुना हॉल. आत गेले, दाराशी रिवाजाप्रमाणे चपला काढल्या, आणि समोर पाहते तो सहा फुटी गृहस्थ. पांढरी दाढी, अंगात कोट, आणि कोटाखाली चौकड्यांचा घागरा.

मी परत चपला घातल्या.

"आई, स्कॉटिश कंट्री डान्सिंग आहे ते," तेजश्री म्हणाली. "कम्युनिटीचं. खूप चांगले लोक आहेत. तास झाला की न्यायला येते." आणि गेली! सासूला घागरेवाल्या बाप्याच्या हवाली करून गेली. आमच्या वेळी सुना सासूला फार तर माहेरच्यांपुढे नावं ठेवत.

आता तिथली परिस्थिती सांगते. या नाचाला आठ माणसं लागतात. चार बायका एका रांगेत, चार बाप्ये समोरच्या रांगेत, तोंडाला तोंड. आपल्याकडे लग्नात दोन्हीकडची मंडळी आहेर मोजत बसतात तशी. पहिलं जोडपं मधून धावतं, गिरक्या घेतं, एकेकाला हात देतं, आणि शेवटी रांगेच्या तळाशी जाऊन उभं राहतं. मग दुसऱ्या जोडप्याची पाळी. कायमचं पहिलं कुणी नाही, कायमचं शेवटचं कुणी नाही. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली, पण कुणाला सांगितलं नाही.

या हॉलमध्ये माणसं होती सात. आठव्या जागी त्यांनी खुर्ची ठेवली होती.

खोटं नाही. लाकडी, घडीची खुर्ची. नाचता नाचता प्रत्येक जण त्या खुर्चीपाशी यायचा, हात पुढे करायचा, तो हात हवेत जरा वेळ तसाच राहायचा, आणि मग तो माणूस पुढे जायचा. चांगली शिकलेली, पोक्त माणसं, खुर्चीपुढे हात पसरतायत. मला कसंतरीच झालं. पंगतीत एक पान मांडलेलं आणि त्यावर कुणी बसलेलंच नाही, तसं.

त्यांच्या शिकवणाऱ्या बाई मोरॅग. वय ऐंशीच्या घरातलं, अंगाने रवीच्या दांड्यासारखी ताठ. मूळ स्कॉटलंडची. तिचं इंग्रजी आमच्या निहारिकेलाही कळत नाही, आणि ती इथेच जन्मलेली, सातवीत शिकणारी माझी नात. हे समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मोरॅगबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खुर्ची उचलली, घडी घातली, भिंतीला टेकवली, आणि त्या जागेकडे बोट दाखवलं.

मी आजवर पुष्कळ मान मिळवले आहेत. नगरसेवकाच्या हस्ते शाल घेतली आहे. पण खुर्चीला उठवून माझी नेमणूक झाली, ती पहिलीच.

"परक्या बाप्यांचा हात धरणार नाही," मी मराठीतच बजावलं आणि हात पदराखाली घेतले. बाईंना भाषा कळली नाही, पदर कळला. त्यांनी कपाटातून एक निळा पट्टा काढून माझ्या खांद्यावरून आडवा बांधला आणि मला बाप्यांच्या रांगेत उभं केलं. तिथली रीतच आहे ती. बाप्ये कमी पडले की बाई पट्टा बांधून बाप्या होते. हे गेल्यापासून घर, खानावळ, मुलाचं, यतीनचं, इंजिनिअरिंग, सगळं मी बाप्या होऊनच निभावलं होतं. पट्टा मात्र प्रथमच मिळाला. माझी जोडीदार झाल्या खुद्द मोरॅगबाई.

घरी आल्यावर दोन दिवस मी तेजश्रीशी अबोला धरला. तिला तो कळलाच नाही, तिची नाईट होती.

पुढच्या मंगळवारी मात्र मी वेळेआधीच चपला घालून दारात उभी होते. "मला जायचंय म्हणून नाही," मी यतीनला म्हटलं, "तिथे एक माणूस कमी आहे."

मग सल्ले सुरू झाले. शुभदाताई म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या, मुलगा डॉक्टर, त्यामुळे स्वतःलाही अर्ध्या डॉक्टर समजणाऱ्या. त्या म्हणाल्या, "द्वारकाताई, या वयात उड्या? गुडघा गेला तर? त्यापेक्षा भजनी मंडळ काढा. बसून असतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि नाचणारच असाल तर पाचवारी नको, पाय अडकेल. नऊवारी नेसा." हा सल्ला मात्र नामी होता. ट्रंकेतल्या दोन नऊवारी काढल्या, कासोटा घट्ट मारला, आणि खरं सांगते, त्या घागऱ्यांपेक्षा मी अब्रूने झाकलेली होते.

व्हेराताई मूळच्या मॅसेडोनियाच्या. नवरा पोर्ट केंब्लाच्या पोलादाच्या भट्टीवर कामाला होता, आता नाही. आमचं संभाषण कुंपणावरून, मोजक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवाऱ्यांत चालतं. त्यांनी नाक मुरडलं. "लाइन नो गुड. डान्स इज सर्कल. लाइन इज फॉर बँक." त्यांच्या गावी गोलात नाचतात म्हणे, आणि सगळं गाव एकमेकांचे खांदे धरतं. पण त्याही दर बुधवारी कुंपणाशी येऊन विचारायच्या, "येस्टरडे, हाऊ?"

तर हाऊ, ते सांगते. जिग म्हणजे उड्या. रील म्हणजे धावपळ, पंगत बसली आणि मीठ वाढायचं राहिलं, तशी. आणि स्ट्रॅथस्पे म्हणून एक सावकाश प्रकार आहे, नवरीला मांडवात आणतात त्या चालीचा. त्यात मला कुणी हरवू शकत नाही. मोरॅगबाई टाळ्या वाजवून "अगेन" म्हणतात. शाबासकी द्यायची त्यांच्या घराण्यात चाल नसावी. नाच संपल्यावर चहा आणि शॉर्टब्रेड नावाचं एक बिस्किट. म्हणजे आपली नानकटाई, वेलदोडा घालायला विसरलेली. दुसऱ्या महिन्यात मी घरून वेलदोडा घालून करून नेली. डग्लसरावांनी, म्हणजे त्या दाढीवाल्या घागऱ्यांनी, डोळे मिटून एक खाल्ली, मग दुसरी, आणि तिसरी खिशात घातली. ते घागऱ्याला पुढे जी केसाळ पिशवी बांधतात, तिचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

हळूहळू हात पदराबाहेर आले. काय करणार? या नाचात आपल्या जोडीदारावर भागत नाही, फिरत फिरत सगळ्यांना हात द्यावा लागतो. आणि एक गंमत सांगते. घरात माझ्या हाताला दिवसभर कुणाचा हात लागत नाही. पोरगं कामावर, सून ड्युटीवर, नात फोनमध्ये. भांडीसुद्धा यंत्र घासतं. मंगळवारी मात्र सात माणसं माझ्याकडे हात पुढे करून यायची, आणि तो हात हवेत राहायचा नाही. तो कुठे द्यायचा, ते मला माहीत होतं.

इथे दृष्ट लागली. माझीच.

काऊन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, निरोप आला, की हॉलला मागण्या फार झाल्यात. एका शनिवारी हॉल सगळ्यांसाठी उघडा ठेवणार, जुन्या गटांनी आपापलं काम लोकांपुढे करून दाखवायचं, आणि ज्यांना धड माणसं जमत नाहीत त्यांची वेळ दुसऱ्याला द्यायची. आमच्या मंगळवारावर एका व्यायामवाल्याचा डोळा होता. दंड माझ्या मांडीएवढे. तो लोकांकडून ट्रकचे टायर उलटे करून घेतो आणि वर पैसे घेतो. मोरॅगबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा रवीसारखा ताठ राहिला नाही. तीस वर्षं तो हॉल त्यांनी झाडलाय. मंगळवार गेला तर बाकीचे आपापल्या घरी बसणार, आणि त्यांच्या घरी तर बसायलाही दुसरं कुणी नाही.

"पण आपण आठ आहोत," डग्लसराव माझ्याकडे बघून म्हणाले. "आठ असलो की झालं."

आणि तसे आम्ही आठ राहिलो असतोही. पण सराव जोरात सुरू झाला, आणि एका नाचात मला डग्लसरावांबरोबर गिरकी आली. दोन्ही हात धरून एक साधी गिरकी. बाई ओरडल्या, "बोथ हँड्स!" डग्लसरावांनी दोन्ही हात पुढे केले.

आता मला सांगा, समोरून दोन हात पुढे आले तर मराठी बाई काय करते? मंगळागौरीला लहानपणापासून जे शिकवलं तेच करते. माझ्या हातांची आपोआप कैची झाली, पाऊल पावलाला भिडलं, अंग मागे गेलं, आणि मी फुगडी घातली.

डग्लसराव तयारीत नव्हते. पण माणूस सभ्य, हात सोडेना. दुसऱ्या फेऱ्याला आम्ही असा काही वेग धरला की त्यांचा घागरा छत्रीसारखा उघडला. मी मर्यादशील बाई, मी डोळे मिटले. तीच चूक. फुगडीत डोळे मिटायचे नसतात. तोल गेला, मी हात सोडले. मी जागच्या जागी बसले, आणि डग्लसराव हॉल ओलांडून थेट चहाच्या टेबलावर गेले. टेबल, किटली, माझी नानकटाई आणि डग्लसराव एकदम खाली आले. त्यांचं ऐकू यायचं कानातलं मशीन दुसऱ्या दिवशी पियानोखाली सापडलं.

डग्लसरावांचं मनगट मोडलं. आणि घोटा सुजला.

गाडीत बसवताना ते मला म्हणत होते, "मार्व्हलस, मिसेस द्वारका, मार्व्हलस!" हे त्यांचं मोठेपण की डोक्याला लागलेला मार, मी अजून ठरवलेलं नाही.

पुढे काऊन्सिलची बाई चौकशीला घरी आली. हातात तो पाटीसारखा कॉम्प्युटर. तिच्याशी बोलायला निहारिका बसली.

"शी सेज, इट वॉज अ फुगडी."

"अ व्हॉट? इज इट अ मार्शल आर्ट?"

"नो, इट्स लाइक... यू स्पिन. ओल्ड लेडीज डू इट."

"सांग तिला," मी म्हटलं, "लहान मुलीही घालतात. आणि पडत नाहीत."

"आजी, दॅट्स नॉट हेल्पिंग."

कॉम्प्युटरला अपघाताचं कारण हवं होतं, आणि त्याच्याकडे कारणं ठरलेली. घसरणं होतं, अडखळणं होतं, कुत्रा चावणं होतं. फुगडी नव्हती. बाईने बराच विचार केला आणि शेवटी जिथे बसेल तिथे घातली. निहारिका हसून लोळायला लागली तेव्हा मला कळलं, मी "फिरती यंत्रसामग्री" या सदरात जमा झाले होते.

इकडे शुभदाताईंनी कुणाकडून तरी हे ऐकलं आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. दिवसभर फोन वाजत होता. "आजी रॉक्स." "पुढच्या मंगळागौरीला हेल्मेट आणू का?" कुणी मला फिरत्या पंख्याचं चित्र पाठवलं. मी ज्या माणसांना भरल्या वांग्याच्या रेसिपी फुकट दिल्यात, त्या माणसांनी.

पण मला झोंबलं ते हे नाही. पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये गेले, तर मोरॅगबाई भिंतीकडे निघाल्या. भिंतीला टेकवलेली खुर्ची त्यांनी उघडली आणि डग्लसरावांच्या जागी ठेवली. मला कुणी दोष दिला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्यापाशी तयार असतात. दोष कुणीच दिला नाही. तेवढा तास मी त्या खुर्चीपुढे हात करत राहिले. शनिवार तोंडावर आला होता, आणि सात जणांना काऊन्सिल मोजणार नव्हतं.

मी माणूस शोधायला निघाले. यतीन म्हणाला, "आई, मी? पब्लिकमध्ये? माझे बॉस तिथे येतील." शुभदाताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना विचारते," आणि आतल्या खोलीतून ह्यांचा "नाही" मला स्पष्ट ऐकू आला. व्हेराताईंनी कंबर दाखवली. प्लास्टिकची आहे म्हणाल्या. निहारिकेला मी लाडीगोडीने विचारलं. "आजी, आय वुड लिटरली डाय." मरण्याइतकं काही नव्हतं, पण पोर बारा वर्षांची; त्या वयात घागरेवाल्यांत आजीबरोबर नाचणं म्हणजे खरोखरच मरण असणार.

उरली एक. जिच्याकडे मी, ती लग्न होऊन आल्यापासून, कधी काही मागितलं नव्हतं.

मागायची मला सवय नाही. देणाऱ्या हाताने पोळी वाढायची असते, हात पुढे करायचा नसतो, असं मी आयुष्यभर समजत आले. तेजश्री नाईट संपवून सकाळी घरी आली. मी तिच्यासाठी थालीपीठ लावलं. वर लोणी. तिने थालीपीठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, काय झालं?"

"काय व्हायचंय? खा."

"लोणी घातलंय."

"घातलंय तर काय झालं? तुझ्या मापाने मीठही कमी टाकलंय."

तिने घास हातातच ठेवला. "आई, तुम्ही ठीक आहात ना? छातीत दुखतंय का?"

"छातीत काही नाही गं बाई! शनिवारी एक माणूस कमी आहे." बोलून गेले एकदाचं. "डग्लसरावांच्या जागी. माझ्यामुळे. सात जण असलो तर मंगळवार जाईल, आणि ती मोरॅगबाई... तिला कुणी नाही. तुला जमणार नसेलच. तुझी ड्युटी असेल. राहू दे. मी नुसतं सांगितलं."

"शनिवारी माझी मॉर्निंग आहे," ती म्हणाली.

"तेच म्हटलं. राहू दे."

तिने फोन उचलला. "हाय ऋतिका, लिसन, शनिवारची माझी मॉर्निंग घेशील? प्लीज यार... हो, त्याच्या बदल्यात मी तुझी दिवाळीच्या दिवशीची करते. हो, नक्की. थँक्स."

दिवाळीच्या दिवसाची सुट्टी तिने तीन महिन्यांपूर्वीच मागून ठेवली होती. माझ्यासमोरच मागितली होती. मी थालीपीठ उलटायला चुलीकडे वळले, कारण ते करपत होतं. करपत नव्हतं.

"फक्त एक आहे," ती मागून म्हणाली, "मला नाचता येत नाही."

"शिकवेन की," मी म्हटलं. मला वाटलं, विनयाने म्हणतेय.

विनय नव्हता. देवाने तिला सगळं दिलंय: रंग, बुद्धी, पगार. डावा आणि उजवा मात्र द्यायला विसरला. ड्राइव्हवेवर आम्ही सराव मांडला. माणसं कुठून आणणार? लाल झाकणाचा डबा, पिवळ्या झाकणाचा डबा, हिरव्या झाकणाचा डबा, असे तीन जोडीदार उभे केले. निहारिका फोनवर बाजाचं संगीत लावून पायरीवर बसली. तेजश्री लाल डब्याशी फिरायच्या जागी हिरव्याला घेऊन गेली. मग पिवळ्याशी टक्कर. "सॉरी," ती डब्याला म्हणाली.

"सर्कल!" व्हेराताई कुंपणावरून ओरडल्या. "आय टोल्ड यू, सर्कल!"

समोरच्या घरातला तरुण गाडी धुता धुता थांबला. "यू ऑल राइट, मेट?"

"डान्सिंग!" मी छाती काढून सांगितलं. "स्कॉटलंड!"

त्याने होज बंद केला आणि तिथेच बॉनेटवर बसला. शुक्रवारपर्यंत गल्लीतले चौघे बसायला लागले. तेजश्री ड्युटीवरून आली की तिच्याच्याने उभं राहवायचं नाही, तरी चपला बदलून डब्यांसमोर उभी राहायची. एकदाही चिडली नाही. मीच चिडायचे, मी दोघींच्या वाटचं चिडून घेतलं.

शनिवार उजाडला. हॉल भरलेला. काऊन्सिलची ती बाई पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी टायरवाला, आणि दाराबाहेर त्याचे दोन टायर आधीच येऊन बसलेले. माणसाने इतकी घाई करू नये. डग्लसराव हात गळ्यात बांधून आले होते. बाजा वाजवणारा एक जण खास सिडनीहून आलेला, छातीला बांधायची मोठी पेटी घेऊन. मोरॅगबाई पट्टा बांधून डग्लसरावांच्या जागी गेल्या, आणि माझ्यासमोर माझी जोडीदार म्हणून उभी राहिली माझी सून. नाच सुरू होताना समोरच्याला वाकून नमस्कार करायचा असतो. इतक्या वर्षांत मी सुनेपुढे वाकले ती पहिलीच वेळ. बाजा वाजत होता म्हणून बरं.

पुढचं काय सांगू? रांग उजवीकडे निघाली, तेजश्री डावीकडे. सगळे वर गेले, ही खाली. मधल्या वळणावर ती नाचातून निघून थेट प्रेक्षकांत पोचली आणि टायरवाल्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. तो बिचारा उठू लागला.

मोरॅगबाईंच्या नाचात बोलायला सक्त मनाई आहे. पण मी खानावळवाली. "अगं इकडे! तेजश्री, इकडे गं! डावीकडे वळ! तुझी डावी नव्हे, माझी डावी! त्याला सोड! सोड त्याला!" लोकांना वाटलं, हे नाचातलंच गाणं आहे. त्यांनी ताल धरला. तेजश्री धावत परत आली, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या मी तिला गाईसारखी ओढत नेली.

शेवटची गिरकी. दोन्ही हातांची. या खेपेला हात सरळ, डोळे उघडे, मी देवाचं नाव घेऊन निघाले. आणि अर्ध्यात माझा गुडघा सुटला. पाय जमिनीवर होता, पण जमीन पायाखाली नव्हती. तेजश्रीचा हात तिथे होता. अख्ख्या नाचात तिचा एकच हात योग्य जागी, योग्य वेळी पडला, तो हा. तिने मला असं उचलून धरलं की नऊवारीची एक निरी हलली नाही. "मी आहे, आई," ती हळूच म्हणाली, तोंड हसतं ठेवून. आम्ही पुढे सरकलो. कुणाला काही कळलं नाही. डग्लसरावांना तेवढं कळलं, त्यांनी धडधाकट हात वर केला.

टाळ्या बऱ्याच झाल्या. काऊन्सिलची बाई कॉम्प्युटरवर बोट मारून म्हणाली, मंगळवार तुमचाच. फक्त चहाचं टेबल इथून पुढे वेगळ्या खोलीत ठेवायचं, यंत्रसामग्रीपासून लांब. टायरवाल्याला गुरुवार दिला. त्याने माझ्याकडून नानकटाई मागून घेतली आणि मी दिली. हरलेल्याला उपाशी धाडायची आमची पद्धत नाही. मोरॅगबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, बोलल्याबद्दल आता ऐकवणार. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, धरूनच ठेवले, आणि कोपऱ्यातली ती घडीची खुर्ची स्वतः उचलून माझ्यामागे मांडली. बसायला. मी बसले. या वेळी खरीच बसले.

तेजश्री बाहेरच्या पायरीवर बूट काढून तळपाय चोळत बसली होती. मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"सॉरी आई," ती म्हणाली. "मी सगळा घोळ केला ना? लोक हसत होते. डग्लस बरे होईपर्यंत कुणीतरी बरं बघा."

मंडळातल्या दोघी-चौघी आणि शुभदाताई तिथेच होत्या. फोन वर धरलेलाच होता. मी आवाज चढवला, म्हणजे व्हॉट्सॲपवर नीट ऐकू जावं.

"तेजश्री, तुझ्याइतकं वाईट नाचताना मी जन्मात कुणाला पाहिलेलं नाही. डबे बरे नाचतात. आणि आज माझ्या हातात द्यायला अख्ख्या वॉलॉंगॉंगातून हात निवडायला सांगितला असता, तरी मी तुझाच निवडला असता. ऊठ. आत जाऊन बाईंना सांग, मंगळवारी आम्ही दोघी येतोय."